ऑफसाइडची शिट्टी : नव्या पंचाला कानमंत्र

पोरी, पंचांची परीक्षा तू पास झालीस. आता तालुक्याच्या शालेय स्पर्धेत शिट्टी तुझ्या हातात येईल. फुटबॉलचा अकरावा नियम तुला तोंडपाठ आहे, हे मला ठाऊक आहे. पण नियम पाठ असणं वेगळं आणि भर उन्हात, अर्धवट पुसलेल्या फक्कीच्या रेषांवर, दोन्ही शाळांच्या आरडाओरड्यात तो लावणं वेगळं. म्हणून हे चार शब्द. यातले काही मला माझ्या वडीलधाऱ्या पंचांनी दिले, काही मैदानानं शिकवले.

रेणुकामातेच्या या राणीसावरगावात, खरं तर अख्ख्या गंगाखेड तालुक्यात, फुटबॉल अलीकडचा. आपल्याकडे पोरं वाढली ती कबड्डी आणि खो-खोवर. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला, त्यातले काही सामने नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. त्याच्या तोंडावर १५ सप्टेंबरला ‘मिशन वन मिलियन’ म्हणून राज्यभर शाळाशाळांत फुटबॉल खेळवला गेला. चेंडू खेडोपाडी पोचला. पण चेंडूबरोबर पंच आले नाहीत. खेळाडू घडावा म्हणून सगळे धडपडतात, पंच घडावा म्हणून कोण धडपडतं? आणि पंच कच्चा असला की पहिला बळी जातो तो ऑफसाइडचा. म्हणून आज फक्त त्याच एका नियमाबद्दल बोलतो.

जागा हा गुन्हा नाही

सगळ्यात आधी हे मनात पक्कं कर : ऑफसाइडच्या जागेवर नुसतं उभं राहणं हा गुन्हा नाही. आपल्याकडच्या प्रेक्षकांना आणि कित्येक प्रशिक्षकांनाही हे पटत नाही. बॅकच्या मागे पोरगं दिसलं की ‘ऑफसाइड, ऑफसाइड’ सुरू होतं.

तुला कबड्डीतली लॉबी माहीत आहे. स्पर्श होण्याआधी चढाईवाला लॉबीत गेला तर बाद. झटापट झाली की तीच लॉबी मैदानात धरली जाते. जागा तीच, निर्णय उलटा, कारण मधे काहीतरी घडलं. ऑफसाइडचंही तसंच आहे. म्हणून प्रत्येक वेळी स्वतःला दोन प्रश्न विचारायचे आणि तेही याच क्रमाने. सोबत्याने चेंडू खेळला तेव्हा हा कुठे होता? आणि त्यानंतर याने काय केलं? पहिल्याचं उत्तर लगेच मनात नोंदवायचं. दुसऱ्याचं उत्तर मिळेपर्यंत शिट्टी ओठांवर नेऊ नकोस. मी पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं या दोन प्रश्नांतूनच निघतं.

गोलरेषेकडून दोन माणसं मोज

पहिल्या प्रश्नाचं उत्तर काढायला गोलरेषेकडून मोजायला लाग. विरुद्ध संघाची पहिली दोन माणसं कोण? त्यातल्या दुसऱ्या माणसाची जागा हीच तुझी रेषा. बहुतेक वेळा पहिला गोलकीपर असतो आणि दुसरा शेवटचा बॅक, म्हणून लोक ‘शेवटचा बॅक’ म्हणतात. या सवयीनेच घोटाळा होतो. गोलकीपर पुढे धावून आला की दोन्ही माणसं बॅकच असू शकतात किंवा गोलकीपरच दुसरा ठरतो.

२०२२ च्या विश्वचषकातला पहिलाच सामना आठव, कतार विरुद्ध इक्वेडोर. तिसऱ्याच मिनिटाला एनर वालेन्सियाने हेडरने गोल केला आणि तो रद्द झाला. जगभरचे प्रेक्षक चक्रावले, कारण गोलरेषेजवळ कतारचा एक खेळाडू स्पष्ट दिसत होता. पण गोलकीपर पुढे येऊन उडी मारत होता. त्यामुळे मागे राहिलेला तो खेळाडू एकटाच शेवटचा ठरला आणि रेषा गेली दुसऱ्या माणसाकडे. त्या रेषेच्या पुढे इक्वेडोरच्या मायकेल एस्ट्राडाचा पाय होता. आपल्या शालेय सामन्यांत गोलकीपर पोरं हौसेने पुढे धावतात. तेव्हा हे दृश्य तुझ्यासमोर वरचेवर येईल.

बाकीच्या अटीही बोटांवर मोजता येतील अशा आहेत. खेळाडू त्या दुसऱ्या माणसाच्याही पुढे हवा आणि चेंडूच्याही पुढे हवा. चेंडूच्या मागे असेल तर कितीही पुढे गेलेला असो, ऑफसाइड नाही. बरोबरीत असेल तरी नाही. तो विरुद्ध संघाच्या अर्ध्या भागात असायला हवा, मधली रेषा त्या भागात धरायची नाही. डोकं, धड आणि पाय मोजायचे, हात मोजायचे नाहीत. हात कुठून सुरू होतो? काखेच्या खालच्या कडेपासून. खांद्याचा वरचा भाग मोजला जातो, हे ध्यानात ठेव, कारण धावताना वाकलेल्या पोराचा खांदाच आधी पुढे गेलेला असतो. आणि हा हाताचा हिशोब गोलकीपरलाही तसाच लागू आहे.

पाय लागला तो क्षण

निर्णय चेंडू पोचला तेव्हाचा नाही, निघाला तेव्हाचा. पास देणाऱ्याचा पाय चेंडूला पहिल्यांदा लागतो, तो क्षण धरायचा. मैदानावरची निम्मी भांडणं यावरूनच होतात. चेंडू हवेत असताना स्ट्रायकर बॅकला मागे टाकून पळतो आणि चेंडू घेताना दोन-चार मीटर पुढे दिसतो. बघणारे म्हणतात, ‘एवढा पुढे होता!’ तो आता पुढे आहे. तेव्हा नव्हता.

हा क्षण पकडणं फार अवघड आहे, ते का हेही समजून घे. जोरात धावणारं पोरगं सेकंदाला सहा-सात मीटर कापतं. म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात अर्ध्या मीटरहून जास्त. त्याच वेळी बॅक उलट दिशेने पुढे आला तर दोघांतलं अंतर आणखी वाढतं. तू आधी पास देणाऱ्याकडे बघितलंस आणि मग मान वळवून रेषेकडे बघितलंस, तर मधल्या वेळेत चित्र बदललेलं असतं. कानावरही विसंबू नकोस. पन्नास मीटरवरून लाथेचा आवाज यायला सेकंदाचा सातवा भाग लागतो, तेवढ्यात स्ट्रायकर मीटरभर पुढे गेलेला असतो.

मग करायचं काय? नजर रेषेवर ठेवायची आणि पास देणारा डोळ्याच्या कडेने बघायचा. पास देणाऱ्या पोराचं शरीर आधीच बोलतं. ते मान वर करतं, शेवटचं पाऊल लांब टाकतं, पाय मागे नेतं. पाय मागे गेला की तुझी नजर शेवटून दुसऱ्या माणसावर पोचलेलीच हवी. मग लाथ बसली की जे दिसलं ते मनात धरून ठेव आणि त्यानंतर कोण कुठे पळालं याने ते चित्र पुसू देऊ नकोस.

यासाठी एक सराव सांगतो. सकाळी शाळेच्या मैदानावर चार पोरांना घे. एक पास देणारा, एक बॅक, एक स्ट्रायकर, एक गोलकीपर. स्ट्रायकर आणि बॅक उलटसुलट धावतील. पास निघाला त्याच क्षणी तू डोळे मीट आणि मोठ्याने सांग, कोण पुढे होता, किती पुढे, कुठला पाय पुढे होता. मैदानाच्या कडेने दुसरं कुणीतरी मोबाईलवर चित्रण करत असू दे. मग पडताळून बघ. आधी उत्तरं चुकतील, हळूहळू डोळा बसेल.

तू कुठे उभी आहेस?

२००० साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत डच संशोधकांचा एक अभ्यास छापून आला. त्यांनी म्हटलं की लाईनमनचे बरेच चुकीचे निर्णय तो उभा कुठे होता यातून येतात. लाईनमन रेषेच्या सरळ समोर नसला की तिरकं दिसतं आणि नियम कितीही पाठ असला तरी डोळा फसतो.

हे मैदानावर असं घडतं. तू गोलच्या बाजूला, रेषेच्या पुढे सरकली असशील तर बॅकच्या पलीकडचा स्ट्रायकर आहे त्याहून पुढे दिसतो आणि बॅकच्या अलीकडचा मागे दिसतो. तू मागे राहिली असशील तर नेमकं उलट. बॅकपेक्षा तुझ्या जवळ असलेला स्ट्रायकर उगीचच पुढे दिसतो. तालुक्याच्या सामन्यांत बहुतेक वेळा तू एकटीच पंच असशील आणि खेळाच्या मागून धावत असशील. म्हणजे तू कायमच मागे असणार. तेव्हा तुझ्या बाजूचा स्ट्रायकर बोटभर पुढे दिसला तर शिट्टी लगेच वाजवू नकोस. तिरकं दिसतंय हे गृहीत धर.

एकटी असशील तेव्हा मैदानाच्या मधोमध, चेंडूच्या थेट मागे धावू नकोस. थोडी एका बाजूला सरक, म्हणजे बॅकची ओळ आडवी दिसेल. पास लांब जाणार असं वाटलं की चेंडूच्या आधी तू निघालेली हवीस.

लाईनमन असतील तर उत्तम. पण तालुक्याला झेंडे बहुधा दोन्ही शाळांच्या एकेका पोराच्या हातात देतात. सामन्याआधी त्या दोघांना बोलाव आणि स्पष्ट सांग : ‘चेंडू बाहेर गेला की झेंडा दाखव. ऑफसाइड माझ्याकडे.’ आपल्याच शाळेचा गोल रद्द करण्याचा भार चौदा वर्षांच्या पोरावर टाकू नये.

आणि कधी तुझ्याच हातात झेंडा आला तर शेवटून दुसऱ्या माणसाच्या समोर राहा. चेंडू त्याच्याही पुढे गोलकडे गेला असेल तर चेंडूच्या समोर. छोट्या हालचालीत आडवी पावलं टाक, म्हणजे तोंड मैदानाकडे राहतं. ऑफसाइड दाखवताना झेंडा उजव्या हातात, सरळ वर. पंचाने शिट्टी वाजवली की मग जागा दाखवायची : पलीकडच्या बाजूला असेल तर झेंडा तिरका वर, मधे असेल तर आडवा, अलीकडे असेल तर तिरका खाली.

थांबायला शीक

आता दुसरा प्रश्न : त्याने काय केलं? पंचाची खरी परीक्षा इथे असते, कारण इथे थांबावं लागतं आणि लोकांना थांबणारा पंच घाबरट वाटतो. वाटू दे.

ऑफसाइडच्या जागेवरचा खेळाडू तीन प्रकारे गुन्ह्यात येतो. पहिला प्रकार सोपा : सोबत्याने दिलेला चेंडू त्याने खेळला किंवा त्याला लागला. दुसरा, त्याने विरुद्ध खेळाडूच्या खेळात अडथळा आणला. गोलकीपरच्या नजरेसमोर उभा राहून त्याची दृष्टी स्पष्टपणे अडवली, चेंडूसाठी बॅकशी झुंजला, जवळून जाणाऱ्या चेंडूला पाय मारायला गेला आणि त्यामुळे बॅक किंवा गोलकीपर अडखळला, किंवा त्यांच्या वाटेत आला. तिसरा, चेंडू खांबाला, बारला, पंचाला किंवा विरुद्ध खेळाडूला लागून परत आला, किंवा गोलकीपरने अडवलेला निसटला आणि त्याचा फायदा आधीपासून पुढे असलेल्याने घेतला.

दुसऱ्या प्रकारात डोकं शांत लागतं. १४ जानेवारी २०२३ ला मँचेस्टर युनायटेड आणि मँचेस्टर सिटी यांच्या सामन्यात मार्कस रॅशफोर्ड ऑफसाइडच्या जागेवरून चेंडूच्या मागे धावला, अगदी चेंडूला खेटून, पण चेंडूला पाय लावला नाही. मागून ब्रुनो फर्नांडिस आला आणि त्याने गोल केला. लाईनमनचा झेंडा वर गेला होता, तरी गोल दिला गेला. त्यावर खूप वाद झाला. तू त्यातून एवढंच घे की मोठमोठ्या पंचांनाही इथे घाम फुटतो, कारण हा प्रश्न फक्त चेंडूला पाय लागला का एवढ्यावर सुटत नाही. त्याच्या धावण्याने बॅक थबकला का, गोलकीपर पुढे यायचा थांबला का, हे बघावं लागतं. म्हणून नजर फक्त स्ट्रायकरवर ठेवू नकोस, ज्याच्यावर परिणाम होतोय त्या बॅकवर आणि गोलकीपरवरही ठेव.

थांबण्याला एक अपवाद आहे आणि तो शालेय सामन्यांत फार महत्त्वाचा. ऑफसाइडच्या जागेवरून एकटाच स्ट्रायकर चेंडूकडे निघाला आहे, त्याचा दुसरा कुणी सोबती चेंडूपर्यंत पोचूच शकत नाही आणि समोरून गोलकीपर धावत येतोय, तर धडक होण्याची वाट बघू नकोस. तिथे आधी शिट्टी वाजवायची मुभा नियमच देतो. पोरांचे दात आणि गुडघे कुठल्याही निर्णयापेक्षा मोलाचे.

आणखी एक. ऑफसाइडच्या जागेवरचा खेळाडू अजून कशात पडलेला नाही आणि त्याआधीच बॅकने त्याला पाडलं, तर शिक्षा पाडणाऱ्याला. ‘तो ऑफसाइडच होता’ म्हणून बॅकचा फाऊल माफ होत नाही.

चेंडू लागला की त्याने खेळला?

पुढचा पेच असा : पास स्ट्रायकरकडे जाताना मधे बॅकचा पाय लागला. आता ऑफसाइड उरतो का? बॅकने जाणूनबुजून चेंडू खेळला असेल तर आधीचा हिशोब संपला, स्ट्रायकर मोकळा. नुसता लागून वळला असेल किंवा त्याने गोल वाचवला असेल, तर हिशोब तसाच चालू.

१० ऑक्टोबर २०२१ ला नेशन्स लीगच्या अंतिम सामन्यात स्पेनच्या एरिक गार्सियाने पसरून चेंडूला पाय लावला, चेंडू पुढे निसटला आणि ऑफसाइडच्या जागेवरच्या किलियन एम्बापेने फ्रान्सचा विजयी गोल केला. गार्सियाने चेंडू खेळला असं ठरवून गोल दिला गेला. जीव तोडून पसरलेल्या बॅकला ही शिक्षा का, असा सूर जगभर उमटला. २०२२ च्या जुलैत नियम करणाऱ्या मंडळाने खुलासा केला. बॅकचा चेंडूवर ताबा येण्याची शक्यता होती का, हे बघायचं. चेंडू लांबून आला होता का आणि त्याला स्पष्ट दिसत होता का? चेंडू फार वेगात नव्हता ना? दिशा अनपेक्षित नव्हती ना? शरीर सावरायला वेळ मिळाला का? चेंडू जमिनीवरून आला की हवेतून? जमिनीवरचा चेंडू खेळणं सोपं.

हे पाच प्रश्न आपल्या मैदानाला लावून बघ. आपली काळी माती पावसानंतर चिखल होते आणि वाळली की भेगाळते. सरळ येणारा चेंडू ढेकळावर आपटून भलतीकडेच उडतो. तेव्हा आपल्याकडे बॅकच्या नडगीला लागून चेंडू वळला, तर ‘त्याने खेळला’ असं घाईने ठरवू नकोस. दिशा अनपेक्षित होती का, हाच आपल्या मैदानावरचा पहिला प्रश्न. पण बॅककडे वेळ होता, चेंडू संथ आला होता आणि त्याने गोलकीपरकडे चुकीचा पास दिला, तर तो खेळलाच. पास चुकला म्हणून स्ट्रायकरला शिक्षा नाही.

जिथे ऑफसाइड नसतो

थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नर. या तिन्हीतून चेंडू थेट मिळाला तर ऑफसाइड नाही. फ्री किकला मात्र आहे, हे पोरं विसरतात.

कॉर्नरनंतरचा दुसरा पास मात्र डोळ्यात तेल घालून बघ. छोटा कॉर्नर घेणारं पोरगं चेंडू जवळच्या सोबत्याला देतं आणि स्वतः गोलरेषेजवळच रेंगाळतं. सोबती चेंडू परत त्यालाच देतो. तोवर बॅक पुढे सरकलेले असतात. कॉर्नरला ऑफसाइड नव्हता, पण या परतीच्या पासला आहे. शालेय सामन्यांत हा प्रसंग हमखास येतो आणि हमखास सुटतो.

दुसरं म्हणजे मैदानाबाहेर गेलेला बॅक. आपल्याकडे मैदानाला कुंपण नाही, पोरं घसरत बाहेर जातात. असा बॅक पंचाच्या परवानगीशिवाय गोलरेषेबाहेर गेला असेल तर तो गोलरेषेवरच आहे असं धर आणि माणसं मोज. बाहेर जाऊन स्ट्रायकरला ऑफसाइडमध्ये पकडता येत नाही.

शिट्टी, हात आणि जागा

ठरलं की एक ठाम शिट्टी. लगेच हात सरळ वर, कारण शिक्षा इनडायरेक्ट फ्री किकची आहे. चेंडू दुसऱ्या खेळाडूला लागेपर्यंत, खेळाबाहेर जाईपर्यंत किंवा थेट गोल होणं शक्य नाही हे स्पष्ट होईपर्यंत हात खाली आणायचा नाही. ही किक थेट विरुद्ध गोलात गेली तर गोल नाही, गोल किक. तुझा हात वर नसेल तर बिचाऱ्या पोरांना हे कळणार कसं?

किक कुठून घ्यायची? जिथे तो उभा होता तिथून नाही, जिथे त्याने गुन्हा केला तिथून. ऑफसाइडच्या जागेवरून परत येऊन त्याने स्वतःच्या अर्ध्यात चेंडू घेतला, तर किकही तिथूनच. लोक हसतील, ‘स्वतःच्या अर्ध्यात कसला ऑफसाइड?’ म्हणतील. किक तिथूनच घेऊ दे.

कडेचा आवाज

कोल्हापूरला छत्रपती शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ भिडतात तेव्हा पेठाच्या पेठा गॅलरीत येऊन बसतात. तिथले पंच त्या गर्जनेत उभे राहतात. आपल्याकडे गर्दी थोडी, पण प्रत्येक चेहरा ओळखीचा, आणि ओळखीच्या माणसाचा आवाज जास्त बोचतो. गुरुजी, पालक, सरपंच, सगळे रेषेला खेटून उभे असतात.

कुणी गुरुजी चिडून आले तर वाद घालू नकोस आणि गप्पही राहू नकोस. एकच वाक्य, मान ठेवून : ‘सर, पाय लागला तेव्हा तो मागे होता.’ किंवा ‘सर, तो पुढे होता, पण त्याने काही केलं नाही.’ दोन प्रश्नांपैकी कुठला लावला ते या वाक्यात कळतं. दुसरं वाक्य बोलायची गरज नाही. खेळ पुढे चालू कर.

कुणी मोबाईल पुढे केला, ‘हे बघा रेकॉर्डिंग’ म्हणाला, तर बघायचं नाही. २७ जून २०१० ला विश्वचषकात अर्जेंटिनाच्या कार्लोस तेवेझचा मेक्सिकोविरुद्धचा गोल ऑफसाइड होता आणि तो स्टेडियमच्या पडद्यावर सगळ्यांना दिसला. तरी तो कायम राहिला, कारण तेव्हाच्या नियमात पडद्यावर बघून निर्णय फिरवायला जागा नव्हती. आपल्या मैदानावर आजही नाही. सकाळी सरावाला मोबाईल हवाच, पण सामन्यात तुझे दोन डोळे हाच पुरावा.

शंका आली तर

खात्री नसेल तर खेळू दे. ही माझी मर्जी नाही, या नियमाचा सगळा प्रवास याच दिशेने झाला आहे. १८६३ च्या पहिल्या नियमांत चेंडूच्या पुढे असलेला सोबती सरळ बादच. १८६६ मध्ये तीन विरुद्ध खेळाडू समोर असले तर सूट मिळाली. १८९१ साली मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला तेव्हाही तीनच लागत आणि स्वतःच्या अर्ध्या भागातही ऑफसाइड होई. ही अर्ध्या भागाची अट १९०७ मध्ये गेली. १९२५ ला तिनाचे दोन झाले. इंग्लंडच्या पहिल्या विभागात एका हंगामात गोल १,१९२ वरून १,७०३ वर गेले. १९९० पासून बरोबरीतला खेळाडूही मोकळा झाला. प्रत्येक पायरीवर नियम करणाऱ्यांनी हल्ला करणाऱ्याला थोडी जास्त मोकळीक दिली. कुणी विरुद्ध गोलजवळ नुसतं दबा धरून बसू नये, एवढ्यासाठी हा नियम आहे. गोल अडवण्यासाठी नाही.

पण शंकेचा फायदा द्यायचा तो दोन्ही बाजूंना सारखाच. पहिल्या अर्ध्यात एका टोकाला जे माप लावलंस, तेच दुसऱ्या अर्ध्यात दुसऱ्या टोकाला. पोरं हरलेली विसरतात, दुजाभाव विसरत नाहीत.

हे तुझ्यापाशी ठेवू नकोस

सामना संपला की दोन्ही संघांना मैदानावरच बसव. ज्या ऑफसाइडवरून ओरडा झाला तो प्रसंग चार पोरांना उभं करून परत मांड. दोन प्रश्न त्यांनाच विचार. त्यांचं त्यांना उत्तर सापडलं की पुढच्या सामन्यात ती तुझ्यावर ओरडणार नाहीत, स्वतःच रेषा सांभाळून धावतील. शालेय फुटबॉलच्या सुब्रतो कपच्या वाटेवर तालुका, जिल्हा, विभाग अशा पायऱ्या चढताना आपल्या पोरांना हे येत असेल तर कुठलाही पंच त्यांना अनोळखी वाटणार नाही.

आणि झेंड्याला कमी लेखू नकोस. कोमलीश्वरन शंकर हा भारतीय २००२ च्या विश्वचषकात गेला तो झेंडा घेऊनच. गोव्याची उवेना फर्नांडिस २०१६ मध्ये जॉर्डनला मुलींच्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात उभी राहिली तीही झेंडा घेऊनच. म्हणून या पावसाळ्यात नववी-दहावीतल्या दोन मुली आणि दोन मुलं निवड. मी फक्की मारून देतो, तू त्यांना रेषा दाखव. पुढच्या वर्षी गंगाखेडला तू शिट्टी घेऊन उतरशील, तेव्हा दोन्ही कडांना तयार लाईनमन असायला हवेत आणि ते आपल्या गावचे असायला हवेत.